'चेक' शब्दाची कुळकथा

पुण्यामुंबईकडील एखाद्या सुशिक्षित घरांत सुटीच्या दुपारीं डोकावून पाहावें. ओसरीवर दोघे वृद्ध गृहस्थ बुद्धिबळाचा पट मांडून बसलेले असतात आणि त्यांतील एकजण घोडा पुढें सारून 'शह!' म्हणून गर्जना करतो. आंतल्या खोलींत घरचा कर्ता पुरुष कोणाचें तरी देणें भागविण्यासाठीं चेक लिहीत असतो. दाराशीं वाळत घातलेला मुलाचा सदरा 'चेक्स'चा असतो. आणि नुकताच लोकलनें आलेला पाहुणा, स्टेशनावर आज तिकिटें कशीं चेक केलीं जात होतीं, याची हकीकत रंगवून सांगत असतो. या चौघांचा एकमेकांशीं कांहीं संबंध असेल असें कोणाच्या स्वप्नांतही येत नाहीं. परंतु शब्दांच्या वंशावळी धुंडाळणाऱ्यास विचारलें, तर तो सांगेल कीं, ओसरीवरचा शह, खोलींतला चेक, सदऱ्याच्या चौकडी आणि स्टेशनावरची तपासणी हीं सारीं एकाच आजोबांचीं नातवंडें होत. मराठींतला 'शह' फारसींतून थेट आपल्या घरीं आला. 'चेक' मात्र अरबांचा मुलूख, फ्रान्स आणि इंग्लंड अशी कित्येक शतकांची प्रदक्षिणा घालून मागल्या दारानें शिरला. आजोबांचें नांव 'शाह', आणि त्याचा अर्थ राजा.

राजा या अर्थाच्या शब्दाला 'राजाला अडविणें' हा अर्थ यावा, आणि पुढें तर ज्या ज्या व्यवस्थेनें सत्ताधाऱ्याचा हात धरावयाचा त्या सर्वांना तोच शब्द लागावा, ही या कुळकथेंतील खरी गंमत आहे.

कथेचा आरंभ हिंदुस्थानांत होतो. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ हीं सैन्याचीं चार अंगें. त्यांवरून या खेळाला 'चतुरंग' हें नांव पडलें. सातव्या शतकांत बाणभट्टानें 'हर्षचरितां'त हर्षाच्या शांततापूर्ण राज्याचें वर्णन करतांना, तेथें चतुरंगाची मांडणी शिकावयाची ती फक्त अष्टापदावर, म्हणजे चौसष्ट घरांच्या पटावर, असा श्लेष साधला आहे. हा खेळ इराणांत गेला तेव्हां 'चतरंग' झाला. हिंदुस्थानच्या राजानें तो कोडें म्हणून खुस्रो राजाकडे पाठविला आणि इराणी प्रधानानें तें उलगडलें, अशी आख्यायिका पेहलवी भाषेंतील एका लहानशा ग्रंथांत आहे. पुढें अरबांनीं इराण जिंकला. त्यांच्या भाषेंत 'च' आणि 'ग' हे उच्चार नसल्यामुळें 'चतरंगा'चा 'शतरंज' झाला.

परंतु खेळाचें नांव हिंदुस्थानचें राहिलें तरी पटावरच्या राजाला इराण्यांनीं आपल्या भाषेंतलें नांव दिलें: शाह. आणि त्याबरोबर एक शिष्टाचारही रूढ झाला. प्रतिपक्षाच्या राजावर मारा होत असेल तर तसें मोठ्यानें सांगावयाचें. राजाला बेसावध गांठून मारणें हें खेळांतही अशोभनीय! म्हणून खेळाडू 'शाह!' असें म्हणे. म्हणजे 'राजा सांभाळा!' पुढील सर्व इतिहासाचें बीज या एका सूचनेंत आहे. कारण शब्दाचा अर्थ राजा असला, तरी तो उच्चारला जाई तो राजा संकटांत सांपडला असतां. आणि ऐकणाऱ्याच्या मनांत अर्थापेक्षां प्रसंगच अधिक ठसतो. 'शह' म्हणजे राजा, हें आज मराठी माणसाला सांगावें लागतें. 'शह' म्हणजे कोंडी, हें मात्र सांगावें लागत नाहीं. शहास काटशह देणारे आपले राजकारणी पुरुष नकळत 'राजास काटराजा' देत असतात!

'मात' या शब्दाविषयीं मात्र विद्वानांत थोडा वाद आहे. अरबींत 'माता' म्हणजे मेला. त्यावरून 'शाह मात' म्हणजे 'राजा मेला' असा अर्थ पुष्कळ दिवस सांगितला गेला. उलट फारसींत 'मात' म्हणजे हतबुद्ध, निरुपाय झालेला. यांतील दुसरा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. बुद्धिबळांत राजा कधीं मारला जात नाहीं. त्याला हलावयास जागा उरली नाहीं कीं डाव संपतो. खेळाचा नियम ठाऊक असणाऱ्यास कोशापेक्षां पटच अधिक विश्वसनीय साक्षीदार वाटला, तर त्याला दोष देतां येणार नाहीं.

इ. स. १००० च्या आगेमागें हा खेळ अरबांच्या संगतीनें युरोपांत पोचला. लॅटिन लिहिणाऱ्यांना 'शाह' या शब्दाच्या शेवटचा हकार झेपेना. त्यांनीं त्याचा ककार करून 'स्काकुस' असें रूप बनविलें. जुन्या फ्रेंचांत त्याचें 'एशेक' झालें आणि इंग्रजांनीं आरंभींचा 'ए' टाकून 'चेक' केलें. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनापासून खेळाचें इंग्रजी नांव 'चेस' निघालें. म्हणजे 'चेस' याचा अक्षरार्थ 'राजे' एवढाच; त्यांत चतुरंग सैन्याचा मागमूसही उरला नाहीं. स्पेन व पोर्तुगाल येथें निराळेंच घडलें. तेथें अरबांचा सहवास शतकानुशतकें होता, म्हणून त्यांनीं 'शतरंज' हें नांवच उचललें. स्पॅनिशांत त्याचें 'आहेद्रेस' झालें आणि पोर्तुगिजांत 'शद्रेज'. गोव्यांत १५१० पासून १९६१ पर्यंत राज्य करणाऱ्या पोर्तुगिजांच्या तोंडीं असा हा 'चतुरंग' शब्द आपल्याच किनाऱ्यावर परत आला होता. मात्र तो ओळखूं येण्याच्या पलीकडे गेला होता. या पोर्तुगीज शब्दालाही चौकडीचें कापड असा अर्थ आहे, आणि बोलीभाषेंत तुरुंग असाही. गजांच्या चौकटी पाहून तो सुचला असावा.

इंग्रजींत 'चेक' हा शब्द प्रथम पटावरच वावरत होता. चौदाव्या शतकांतील कवि चॉसर यानें आपल्या 'बुक ऑफ द डचेस' या काव्यांत एका शोकाकुल सरदाराकडून असें वदविलें आहे कीं, दैवानें आपल्याशीं बुद्धिबळ मांडून आपली राणी मारली. तेथें राणीला योजलेला 'फर्स' हा शब्द म्हणजे फारसी 'फर्झीन'. हिंदुस्थानांत वजिराला 'फर्जी' म्हणतात तोच हा. खेळांतून हा शब्द हळूहळू व्यवहारांत उतरला. प्रथम 'चेक' म्हणजे अचानक झालेला हल्ला. मग हल्ल्यानें आलेला अडथळा. मग अडथळा करणारी वस्तु अथवा मनुष्य. आणि शेवटीं, एखादी गोष्ट ठीक आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तिला क्षणभर थांबविणें, म्हणजे तपासणी. ठाणें आणि मुंबई यांच्या सीमेवरील मुलुंडच्या 'चेकनाक्या'च्या नांवांत शेवटचे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात: गाडी अडवावयाची आणि तपासावयाची. 'नाका' हा शब्द आपला आणि 'चेक' त्यांचा, अशी त्या नांवाची घडण असली, तरी दोघांची गांठ इतकी पक्की बसली आहे कीं, ती आतां परकी वाटत नाहीं.

येथपर्यंत राजाची गोष्ट झाली. आतां पटाची. कारण ज्याला इंग्लंडचा खजिना म्हणतात, त्याचा जन्म बुद्धिबळाच्या पटावर झाला आहे.

जुन्या फ्रेंचांत बुद्धिबळाच्या पटाला 'एशेकिए' म्हणत. नॉर्मन राजांबरोबर ही भाषा इंग्लंडांत आली, आणि पहिला हेन्री याच्या कारकीर्दींत, बाराव्या शतकाच्या आरंभीं, राजाच्या हिशेबाच्या कचेरीला तेंच नांव पडलें. इंग्रजींत त्याचें 'एक्स्चेकर' झालें. त्यांतील 'एक्स' हें अक्षर कारकुनांच्या पांडित्याचें फळ आहे. फ्रेंच शब्दाच्या आरंभींचा 'एस्' हा लॅटिन 'एक्स' या उपसर्गाचा अपभ्रंश असला पाहिजे, असें समजून त्यांनीं तो 'सुधारला'. शुद्धलेखनाच्या अति काळजीनें झालेली अशुद्धें सर्वच भाषांत सांपडतात, आणि तींच पुष्कळदां चिरंजीव होतात.

या कचेरीचें इतकें सजीव वर्णन उपलब्ध आहे कीं, आठशें वर्षांपूर्वींचा तो देखावा डोळ्यांपुढें उभा राहतो. दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील यानें तें लिहून ठेविलें आहे. ग्रंथाची धाटणी आपल्याकडील गुरुशिष्यसंवादासारखी आहे. राजाच्या कारकीर्दीच्या तेविसाव्या वर्षीं, थेम्स नदीच्या कांठच्या एका बुरुजाच्या खिडकींत लेखक बसला असतां एकजण त्याच्याकडे येतो आणि, एवढी विद्या जवळ असून ती दुसऱ्यांना कां शिकवीत नाहीं, म्हणून त्याला टोकतो. मग शिष्य विचारतो आणि गुरु सांगतो. एक्स्चेकर म्हणजे काय? तर दहा फूट लांब व पांच फूट रुंद असें एक मेज. वरचें कांहीं खालीं पडूं नये म्हणून त्याला चार बोटें उंचीचा कांठ. त्यावर ईस्टरच्या सुमारास विकत घेतलेलें काळें कापड, आणि कापडावर ठराविक अंतरानें आंखलेल्या रेषा. हें नांव कां पडलें, असें शिष्य विचारतो. गुरूचें पहिलें उत्तर, तें मेज बुद्धिबळाच्या पटासारखें दिसतें म्हणून. पण तेवढ्यानें त्याचें समाधान होत नाहीं. तो पुढें सांगतो कीं, पटावर जशी दोन पक्षांची लढाई होते, तशी येथेंही दोघांची झुंज असते. एका बाजूस खजिनदार आणि दुसऱ्या बाजूस शेरीफ.

शेरीफ म्हणजे परगण्यावरील राजाचा अधिकारी, पेशवाईंतील मामलेदारासारखा. वसूल त्यानें करावयाचा आणि वर्षांतून दोनदां, ईस्टरला व सप्टेंबरअखेर येणाऱ्या मायकेलमसच्या सणाला, या मेजापुढें हजर व्हावयाचें. मेजावरील रेषांनीं रकाने पडलेले असत: उजवीकडून पेन्स, मग शिलिंग, मग पौंड, मग विसा, शेंकडा, हजार. हिशेबनीस त्या त्या रकान्यांत सोंगट्या मांडी. येणें किती तें वर, भरलें किती तें खालीं. आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत वजाबाकी. ही रीत पडण्याचें कारण साधें होतें. तेथील दप्तरांत रोमन अंक चालत, आणि रोमन अंकांत मोठ्या रकमांची बेरीज-वजाबाकी करावयास बसणें ही एक शिक्षाच होय. हिंदुस्थानचा खेळ तेथें पोचला होता, पण हिंदुस्थानचें शून्य त्या कारकुनांच्या वहींत अद्याप शिरलें नव्हतें. म्हणून शून्याचें काम पटावरच्या रिकाम्या घरानें करावें लागे. दुसरें एक कारण अधिक महत्त्वाचें आहे. हिशेब देणाऱ्या शेरीफांपैकीं कित्येकांना वाचतां येत नसे. कागदावर त्यांना फसवितां आलें असतें. पटावरची सोंगटी मात्र निरक्षरालाही दिसते. जिंकणारा पक्ष बहुधा ठरलेलाच असला आणि बाकी राहिल्यास अटकेचें भय असलें, तरी डाव उघड्यावर खेळला जाई, ही गोष्ट लहान नव्हे.

खजिन्यांत भरणा झाल्यावर पावती मिळे ती लांकडाची. हेझल नांवाच्या झाडाच्या काठीवर खांचा पाडीत: हजार पौंडांना तळहाताच्या जाडीएवढी, शंभरांना आंगठ्याएवढी, विसांना करंगळीएवढी, एका पौंडाला सातूच्या दाण्याएवढी. मग ती काठी उभी चिरून दोन तुकडे करीत. एक भरणाऱ्याजवळ, दुसरा खजिन्यांत. तक्रार उपस्थित झाली कीं दोन्ही तुकडे जोडून पाहावयाचे. खांचा जुळल्या तर खरें. एकट्याला खांच वाढवितां येत नसे, कीं बुजवितां येत नसे. खजिन्यांत राहणाऱ्या तुकड्याला 'फॉइल' म्हणत. चेकबुकांत मागें उरणाऱ्या स्थळप्रतीला 'काउंटरफॉइल' म्हणतात, त्यांत तोच शब्द आहे. कागदी दप्तरांतही हाच न्याय होता: मूळ गुंडाळीशीं ताडून पाहण्यासाठीं ठेविलेली दुसरी गुंडाळी म्हणजे फ्रेंचांत 'कोंत्ररोल', आणि त्यापासून इंग्रजी 'कंट्रोल'. आपल्या राज्यघटनेच्या १४८ व्या कलमांतील नियंत्रक व महालेखापरीक्षक या अधिकाऱ्याच्या इंग्रजी पदवींत 'काँप्ट्रोलर' हें रूप येतें; तेंही 'काँत' म्हणजे हिशेब या शब्दाशीं चुकीचें नातें जोडून कोणा कारकुनानें बिघडविलेलें आहे. घटनापरिषदेंत १९४९ सालीं डॉ. आंबेडकर यांनीं या अधिकाऱ्यास घटनेंतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटलें होतें. राज्याच्या तिजोरीवर देखरेख ठेवणारा तो. तेव्हां हें म्हणणें अतिशयोक्तीचें नव्हे.

एक्स्चेकर हा शेरीफांना शह देण्यासाठीं होता. राजाला शह देणारें मात्र त्या मेजाभोवतीं कोणी नव्हतें. आणि त्याचा अनुभव इंग्लंडला सतराव्या शतकांत आला.

त्या काळीं लंडनचे सोनार हेच पेढीवाले होते. लोक त्यांच्याजवळ ठेवी ठेवीत आणि ते तोच पैसा दुसरा चार्ल्स राजाला, पुढें येणाऱ्या करांच्या हमीवर, भारी व्याजानें देत. डचांशीं युद्ध करण्याची तयारी चालली होती व तिजोरींत पैसा नव्हता. २ जानेवारी १६७२ रोजीं राजानें जाहीर केलें कीं, या कर्जांची फेड एक वर्षापुरती थांबविण्यांत येत आहे. इतिहासांत या घटनेला 'स्टॉप ऑफ द एक्स्चेकर' म्हणतात. वर्ष संपलें तरी फेड सुरू झाली नाहीं. गुंतलेली रक्कम तेरा लाख पौंडांच्या आसपास होती. सोनारांनीं ठेवीदारांना तोंड कसें दाखवावें? सर्वांत मोठा घाव सर रॉबर्ट व्हायनर यांच्यावर पडला. त्यांचें राजाकडील येणें चार लाख सोळा हजार पौंडांहून अधिक होतें. याच व्हायनरनीं १६६१ सालीं चार्ल्सच्या राज्याभिषेकासाठीं मुगुट घडविला होता! १६८४ सालीं त्यांचें दिवाळें निघालें. त्यांच्या पेढीशीं ज्यांचा पैसा गुंतला होता, त्या घराघरांतून काय झालें असेल, याची कल्पना बुडालेल्या बँकेंत ठेव असणाऱ्या कोणाही मध्यमवर्गीय कुटुंबाला सहज करतां येईल.

पेढीवाले कोर्टांत गेले. दावा कित्येक वर्षें चालला, आणि १७०० सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. परंतु पार्लमेंटनें पुढें केलेल्या तडजोडींत त्यांना अवघें तीन टक्के व्याज ठरलें आणि निम्मी मुद्दल दिल्यावर कर्ज फिटलें असें समजण्याची मुभा सरकारास मिळाली. न्याय झाला, पण निम्मा. दरम्यान १६९४ सालीं बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली होती. तिनें सरकारला दिलेल्या कर्जाच्या व्याजासाठीं पार्लमेंटनें कायद्यानें कर तोडून दिले होते. राजाच्या शब्दावर कर्ज देण्याचे दिवस संपले.

बँकेवरील चेक याच सोनारांच्या दुकानांत जन्मला. ठेवीदारानें पेढीला चिठी लिहावयाची कीं, अमुकास इतके पैसे द्यावे. १६ फेब्रुवारी १६५९ ही तारीख असलेली, मॉरिस आणि क्लेटन यांच्या पेढीवर काढलेली चारशें पौंडांची अशी एक चिठी प्रसिद्ध आहे. त्या वेळच्या इंग्रजी पंचांगांत वर्ष मार्चांत बदले, म्हणून आजच्या गणनेनें तें १६६० साल होय. परंतु त्या चिठीला कोणी चेक म्हणत नव्हतें. अठराव्या शतकाच्या आरंभीं 'चेक' म्हटला जाई तो मागें राहणारा तुकडा, स्थळप्रत. कारण तपासणी तिच्यावरून व्हावयाची. लबाडीला आळा, म्हणून 'चेक'. पुढें हें नांव मागच्या तुकड्यावरून पुढच्या कागदावर सरकलें. खजिन्याशीं याचें नातें आहे असें वाटून, आणि अडथळा या अर्थाच्या शब्दाशीं घोटाळा होऊं नये म्हणून, बँकव्यवहारावरील प्रसिद्ध लेखक जेम्स विल्यम गिलबर्ट यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत 'के' ऐवजीं 'क्यू-यू-ई' असें लेखन पसंत केलें. इंग्लंडांत तेंच रूढ झालें व तेथून आपल्याकडे आलें. अमेरिकेनें मात्र जुनें सोपें लेखन सोडलें नाहीं. तिकडे खानावळीचें बिल, बँकेचा चेक आणि सामान ठेवल्याचा बिल्ला या तिहींना एकच शब्द, एकाच अक्षरांनीं. फ्रेंचांनीं तर हद्द केली. शह या अर्थाचा स्वतःचा 'एशेक' घरांत असतां त्यांनीं बँकेच्या कागदासाठीं इंग्रजांकडून 'शेक' उसना आणला; आपलीच मुलगी सून म्हणून घरांत घ्यावी तसा!

या चेकविषयीं एक मत वारंवार ऐकूं येतें कीं, तो अरबी 'सक्क' या शब्दापासून निघाला. सक्क म्हणजे लेखी दस्त, देण्याची चिठी. वस्तु खरी आहे. दहाव्या शतकांत इब्न हौकल या प्रवाशानें सहाराच्या वाळवंटापलीकडे बेचाळीस हजार दिनारांचा सक्क आपल्या डोळ्यांनीं पाहिल्याचें लिहिलें आहे. लंडनच्या सोनारांच्या सातशें वर्षें आधीं! पण वस्तु जुनी म्हणून शब्दही तिचाच, असें होत नाहीं. सक्कपासून लंडनपर्यंतच्या वाटेवर या शब्दाचीं पावलें उमटलेलीं नाहींत, आणि स्थळप्रतीपासून आलेल्या वाटेवर तीं स्पष्ट आहेत. नुसत्या ध्वनिसाम्यावर भिस्त ठेवणें किती धोक्याचें, याचें उदाहरण आपल्या बाजारांतच आहे. आपल्याकडे चेकचें काम करणारी हुंडी होती, दर्शनी आणि मुदती. त्यांतच एक 'शाहजोग' हुंडी. बाजारांत पत असलेल्या सावकाराच्याच हातीं पैसे द्यावयाचे, असा तिचा करार. हा 'शाह' फारसी राजा नव्हे. तो 'साधु' शब्दापासून निघालेला 'साहु', म्हणजे सावकार. 'शाह' आणि 'शाह' दिसावयास जुळे. पण एक तख्तावर बसणारा आणि दुसरा गादीवर.

हुंडीबाबत स्थानिक रिवाज कायम ठेवून १८८१ च्या पराक्राम्य दस्तऐवजांच्या कायद्यानें हिंदुस्थानांत चेकची व्याख्या पक्की केली. खात्यांत पैसे नसतां दिलेला चेक परत आला तर तो फौजदारी गुन्हा ठरावा, अशी सुधारणा त्यांत १९८८ सालीं झाली व ती १ एप्रिल १९८९ पासून अमलांत आली. तत्पूर्वीं फसलेल्या माणसाला दिवाणी दाव्याच्या खेपा घालाव्या लागत, आणि त्यांत किती मुद्दल कोर्टखर्चांत गेलें असेल तें देव जाणे.

राजाला शह हा अर्थ राज्यशास्त्रांत पूर्णपणें उतरला तो अमेरिकेंत. सत्तेनेंच सत्तेस आवरावें, असें फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू यानें १७४८ सालीं प्रतिपादन केलें होतें. १७८७ सालीं, म्हणजे अमेरिकेची राज्यघटना तयार होत होती त्याच वर्षीं, जॉन ॲडम्स यानें आपल्या ग्रंथांत 'चेक्स अँड बॅलन्सेस' हे शब्द योजले. आणि तेव्हांपासून ही जोडी लोकशाहीच्या प्रत्येक चर्चेंत ऐकूं येते. कायदेमंडळानें अध्यक्षाला, अध्यक्षानें कायदेमंडळाला, न्यायालयानें दोघांना शह द्यावयाचा. इराणी दरबारांतील खेळाडूनें राजाला सावध करण्यासाठीं काढलेला उद्गार, राजाच नसलेल्या देशाच्या घटनेचें वर्णन करावयास उपयोगीं पडला.

खुद्द बुद्धिबळाच्या क्षेत्रांत मराठी मुलखाशीं संबंध असलेली एक घटना याच सुमाराची आहे. तिरुवेंगडाचार्य शास्त्री या पंडितानें या खेळावर संस्कृतांत ग्रंथ रचला आणि युरोपीय पद्धतीस जुळता असा त्याचा इंग्रजी अवतार १८१४ सालीं मुंबईंत छापला गेला. पेशवाई बुडण्यास तेव्हां चार वर्षें उरलीं होतीं. हजार वर्षांपूर्वीं येथून गेलेला खेळ परक्यांच्या नियमांनिशीं परत आल्यावर, त्याला आपल्या शास्त्रांत बसविण्याची ही खटपट मोठी कौतुकास्पद म्हटली पाहिजे.

आतां त्या लांकडी पावत्यांचें काय झालें तें सांगणें राहिलें. कागद, शाई आणि शून्य हीं सारीं इंग्लंडांत येऊन कित्येक शतकें लोटलीं, तरी खजिन्यांत खांचा पाडणें चालूच होतें. १७८२ सालीं पार्लमेंटनें ही रीत बंद करण्याचा कायदा केला. पण त्या कामावरचे वतनदार अधिकारी जिवंत असेपर्यंत तो अमलांत आणावयाचा नाहीं, असें ठरलें, आणि प्रत्यक्षांत ती १८२६ सालीं थांबली. वतन म्हटलें कीं आपल्याकडे आणि त्यांच्याकडे फार अंतर नसतें. उरलेल्या काठ्यांचे ढीग वेस्टमिन्स्टरला पडून होते. १६ ऑक्टोबर १८३४ रोजीं त्यांतील दोन गाड्या काठ्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या खालच्या भट्ट्यांत जाळण्यांत आल्या. दिवसभर आग पेटती ठेविली होती. धुराड्यांना ती उष्णता सोसली नाहीं आणि संध्याकाळीं पार्लमेंटच्या इमारतीनें पेट घेतला. दोन्ही सभागृहें रात्रींत बेचिराख झालीं. आसपासच्या गरिबांना त्या काठ्या सरपण म्हणून वांटल्या असत्या तर हा अनर्थ टळला असता, अशी टीका पुढें चार्ल्स डिकन्सनें एका भाषणांत केली, आणि ती यथार्थ होती. जुना वेस्टमिन्स्टर हॉल तेवढा वांचला. जळलेल्या जागीं उभारलेल्या नव्या इमारतींत दरसाल अर्थसंकल्प मांडणाऱ्या मंत्र्याला आजही 'चॅन्सलर ऑफ द एक्स्चेकर', म्हणजे बुद्धिबळाच्या पटावरचा अधिकारी, याच नांवानें हांक मारतात.